मानेखाली पडदा

ऐकलंत का? तिकडे चीनमध्ये एका सम्राज्ञीला मानेपासून खाली दिसायची बंदी झाली होती म्हणे! म्हणे कसलं, झालीच होती. गोष्ट 2014 च्या डिसेंबरातली, म्हणजे तशी जुनी. पण चांगली कुचाळकी शिळी होत नाही, मुरते. शिवाय आमच्या भिशीतल्या निम्म्याशिम्म्या बायका हल्ली दुपारचं जेवण आटोपलं की मोबाइल घेऊन चिनी राजवाड्यात मुक्कामाला जातात आणि सबटायटल्स वाचता वाचता दूध उतू घालवतात, त्यामुळे हा विषय परत निघाला. जरा सरकून बसा. मुलं आसपास नाहीत ना? बरं, मग सांगते.

हुनान टीव्ही ही तिकडची भलतीच लोकप्रिय वाहिनी. तिने 21 डिसेंबरला एक ऐतिहासिक मालिका सुरू केली. तांग घराण्याच्या काळातली, वू झत्येन या बाईवर बेतलेली. बाहेरच्या जगात ती ‘द एम्प्रेस ऑफ चायना’ या नावाने गेली. चीनच्या एवढ्या लांबलचक इतिहासात स्वतःच्या नावाने सम्राटपदावर बसलेली ही एकमेव बाई. बाकीच्या पडद्याआडून कारभार हाकत. हिने काही वर्षं तसं केलं आणि मग पडदाच काढून टाकला. भूमिकेत फान बिंगबिंग. त्या वर्षांत फोर्ब्सच्या चिनी तारे-तारकांच्या यादीत पहिला नंबर हिचाच असे, आणि या मालिकेच्या निर्मितीतही हिचाच स्टुडिओ. खर्च किती म्हणाल? 30 कोटी युआन, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. एकट्या बिंगबिंगबाईंचे पोशाख 260. एका पैठणीवर तीन लग्नं निभावणाऱ्यांनी हा आकडा पाणी पिऊन वाचावा.

आठवडाभर सगळं झकास चाललं. लोक टीव्हीला चिकटले. आणि 28 डिसेंबरला मालिका गायब! वाहिनीने खुलासा केला, तांत्रिक कारण. आता तांत्रिक कारण म्हणजे काय, हे सरकारी खिडकीपाशी उभं राहिलेल्या कुठल्याही माणसाला वेगळं सांगायला नको. कारण वायरीत नव्हतं, चोळीत होतं. तांग काळातल्या त्या उंच बांधलेल्या घागऱ्यांतून आणि खोल गळ्यांतून जे काही डोकावत होतं, ते कुणातरी वरच्याच्या डोळ्यांत खुपलं.

1 जानेवारी 2015 ला मालिका परत आली. लोक नव्या वर्षाच्या उत्साहाने बघायला बसले आणि बघतात तर काय, राजवाड्यात नुसती डोकी! मूळ दृश्य मोठं करून कडेने कातरलेलं, त्यामुळे हनुवटीच्या जरा खाली पडद्याची कड. अंतःपुरात दहाजणी बसल्यात, कुजबुज चाललीय, पण दिसतात एकेकीचे चेहरे, ओळखपत्रावरच्या फोटोसारखे समोरासमोर. कुणी वाकून मुजरा करायला लागली की ती चौकटीतून खालीच जाते आणि मागचा खांब दिसत राहतो. कुणी पेला उचलला तर तो ओठांशी आल्यावर कळतं की हातात पेला होता. दोघींचं भांडण ऐन रंगात आलेलं, पण एका चौकटीत दोघी मावत नाहीत, म्हणून एक डोकं, मग दुसरं डोकं, परत पहिलं डोकं. केसांतल्या सोन्याच्या पिना, माथ्यावरची फुलं, कपाळावरचं ते नक्षीदार कुंकू मात्र भरपूर. अडीचशेच्या वर पोशाख शिवणाऱ्या शिंप्यांचं काय झालं असेल हो? रात्री जागून भरतकाम करायचं आणि सरकारने दाखवायची कॉलरसुद्धा नाही!

लोकांनी लगेच मालिकेचं बारसं केलं: ‘मोठ्या डोक्याच्या वूची कहाणी’. चिनी इंटरनेटवर त्या दिवसांत थट्टेला ऊत आला होता. ज्यांनी मालिका पाहिलेलीच नव्हती तेही मुद्दाम शोधायला लागले, की नेमकं काय होतं एवढं? म्हणजे जे आठवडाभर चार लोक सहज बघून विसरले असते, ते कात्रीने अजरामर करून ठेवलं. आणि तिकडे हाँगकाँगच्या वाहिनीवर हीच मालिका मागाहून लागली तेव्हा गळे जागच्या जागी होते. एकाच बाईची एकाच सालातली दोन रूपं, इकडे सोवळी, तिकडे ओवळी.

कात्री कुठे चालली नाही ते बघा, म्हणजे खरी करमणूक आहे. विष घालणं चालू. खोटे आळ घेणं चालू. एकीने दुसरीला फासावर पोचवण्यासाठी रचलेले डावपेच तासनतास चालू. सम्राट रागावला की मुंडकी उडणार, तेही चालू. तुम्ही माणूस मारा, फक्त मारताना गळा बंद ठेवा, असा एकूण सात्त्विक दंडक. आपल्याकडच्या मालिकांनाही हा हिशोब नवा नाही म्हणा. सुनेच्या दुधात काहीतरी कालवणाऱ्या बाईच्या डोक्यावरचा पदर ढळत नाही, तोवर ती संस्कारीच.

आणि इतिहासाचं म्हणाल, तर तिथे या सोवळ्याची आणखीच पंचाईत आहे. वू झत्येनची एक नात होती, राजकन्या योंगताई. तिची कबर शिआनच्या वायव्येला, आजी-आजोबांच्या कबरीजवळच आहे. 706 सालची. 1960 ते 1962 च्या दरम्यान ती उघडली, तेव्हा आतल्या भिंतींवर दासींची रांगच्या रांग निघाली. कुणाच्या हातात मेणबत्ती, कुणाच्या हातात पेला, कुणाच्या हातात पंखा. उंच बांधलेले घागरे, खांद्यावरून सोडलेले तलम शेले आणि गळे... चांगले मोकळे! तेराशे वर्षांपूर्वीच्या चिताऱ्याला ते काढताना लाज वाटली नाही आणि राजघराण्याला ते राजकन्येच्या थडग्यात काढून घेताना वाटली नाही. त्या बायकांना आता कोण झूम करणार? मालिकेतल्या कापडचोपडात अतिशयोक्ती होती, हे मीही मान्य करीन. तांग काळात बायका अशा कापसाच्या गाद्या ठासल्यासारख्या फुगून वावरत नसाव्यात. पण मोकळा गळा ही काही बिंगबिंगबाईंची फॅशन नव्हे.

बरं, गळा सोडा. या वूबाईंच्या खऱ्या आयुष्यात इतका मसाला आहे की गळ्याकडे लक्ष जावंच कशाला, हेच मला कळत नाही. बाप लाकडाचा व्यापारी, पुढे अधिकारी झालेला. ही चौदाव्या वर्षी सम्राट ताइझोंगच्या अंतःपुरात आली, तीही बरीच खालच्या पायरीवर. ताइझोंगकडे एक मस्तवाल घोडा होता, कुणाला आवरत नव्हता. ही पोरगी पुढे होऊन म्हणाली, मला तीन गोष्टी द्या: लोखंडी चाबूक, लोखंडी सोटा आणि खंजीर. चाबकाने नाही ऐकलं तर सोटा, सोट्याने नाही ऐकलं तर गळ्यावर खंजीर. ही हकिगत तिने स्वतः म्हातारपणी दरबारात एका मंत्र्याला ऐकवली, म्हणजे त्यालाही अर्थ कळावा!

649 मध्ये ताइझोंग गेला. रिवाजाप्रमाणे निपुत्रिक उपराण्यांची रवानगी बौद्ध मठात. डोकं भादरलेलं, जपमाळ हातात, कथा संपली. पण नाही! गादीवर बसला होता ताइझोंगचा मुलगा गाओझोंग, आणि त्याचा या बाईवर जीव. नात्याने बघायला गेलं तर काय लागते? सावत्र आई! शिव शिव! पण 651 च्या सुमाराला बाई मठातून परत राजवाड्यात. आणि तिला आणवण्यात हात कुणाचा, तर खुद्द पट्टराणी वांगचा. तिला सवत शिआओ डोळ्यांसमोर नको होती, म्हणून तिने काट्याने काटा काढायला वूला आणलं. काटा निघाला खरा, पण दुसरा काटा अंगातच रुतून बसला.

पुढे वूला मुलगी झाली आणि ती तान्हीच गेली. आळ आला पट्टराणीवर. जुन्या बखरींनी मात्र उलटंच लिहून ठेवलं, की वूनेच पोटच्या पोरीचा गळा दाबला. हे बखरकार तिच्या मागाहूनचे, तिचा द्वेष करणारे, त्यामुळे आजचे बरेच अभ्यासक हे खरं धरायला तयार नाहीत. मग गाओझोंगने पट्टराणी बदलायचं ठरवलं आणि दरबारात गोंधळ उडाला. त्यात शू जिंगझोंग नावाच्या अधिकाऱ्याने काय युक्तिवाद केला माहितेय? म्हणे, साध्या शेतकऱ्याच्या घरात दहा पायल्या गहू जास्तीचा आला तरी त्याला बायको बदलावीशी वाटते, मग सम्राटाने बदलली तर बाकीच्यांचं काय जातं? अशी माणसं प्रत्येक दरबारात असतात आणि नेहमी चढतात. दुसऱ्या एका बड्या सेनापतीने तर हात झटकले, ही तुमच्या घरची बाब आहे, बाहेरच्यांना विचारता कशाला? 655 मध्ये वू पट्टराणी झाली. जुन्या पट्टराणीचे आणि शिआओचे हातपाय तोडून त्यांना दारूच्या पिंपात टाकल्याची कथा आहे. मरताना शिआओने शाप दिला, पुढच्या जन्मी मी मांजर होईन, तू उंदीर होशील आणि मी तुझी मान धरीन. तेव्हापासून राजवाड्यात मांजर पाळायला मनाई! आता सांगा, ही बाई पडद्यावर आणायची म्हटली तर गळ्याच्या खोलीवर वाद घालायला कुणाला सवड आहे?

अजून ऐका. लोयांगजवळ लाँगमेनच्या डोंगरात सतरा मीटर उंचीची बुद्धमूर्ती कोरली आहे. तिच्यासाठी वूने स्वतःच्या शृंगाराच्या खर्चातून नाण्यांच्या 20,000 माळा दिल्याचं तिथल्या शिलालेखात आहे. शृंगाराचा खर्च! काजळ-पावडरीच्या पैशात बाईने डोंगर कोरून घेतला. 686 मध्ये तिने तांब्याच्या पेट्या बसवल्या. चार बाजूंना चार खाचा, तक्रारी टाका, सूचना टाका, शेजाऱ्याची चहाडी टाका. चहाडी करायला गावाहून राजधानीत येणाऱ्याला वाटखर्च सरकारी. आपल्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला तिकिटाचे पैसे मिळाले असते तर काय झालं असतं, ते मनात आणून बघा. आणि त्या चहाड्यांवर खरोखर माणसं मेली, पुष्कळ मेली, हेही इथेच सांगून टाकते. बाई गोडबोली होती अशा भ्रमात कुणी राहू नये.

690 मध्ये तिने स्वतःचं घराणंच सुरू केलं, नाव ‘झोउ’, आणि सम्राट म्हणून बसली. सत्तरीत तिच्या मर्जीतले झांग बंधू कोण होते, विशीतले, चेहऱ्याला पावडर लावणारे. इश्श! अर्थात जे कुठल्याही पुरुष सम्राटाच्या बाबतीत कारकुनी नोंद म्हणून जातं, ते हिच्या बाबतीत प्रकरण झालं. 705 मध्ये दरबाऱ्यांनी बंड करून त्या दोघांना मारलं आणि तिला खाली उतरवलं. त्याच वर्षी ती गेली, ऐंशी ओलांडून.

मला या सगळ्यात सर्वात आवडतो तो 684 मधला किस्सा. तिच्याविरुद्ध बंड झालं आणि लुओ बिनवांग नावाच्या कवीने एक जाहीरनामा लिहिला. त्यात हिची सापासारखी मती, कोल्हीसारखी मोहिनी, बापाची आणि मुलाची दोघांची शय्या, सगळी उणीदुणी काढलेली. तो कागद तिच्यासमोर वाचला गेला. बाई हसली. मग विचारलं, हे लिहिलंय कुणी? नाव सांगितल्यावर म्हणाली, एवढा गुणी माणूस बिनकामाचा राहिला, हा प्रधानाचा दोष. बघा! स्वतःवरची एवढी चिखलफेक ऐकून शैलीला दाद देणारी बाई, आणि तिच्यावरची मालिका मात्र गळपट्ट्याखाली चार बोटं दिसली म्हणून आडवी पडली.

आता माझं मत. कात्री चालली ती बोंब मारण्याजोगीच होती. पण मला विचाराल तर खरी काटछाट त्याआधीच झाली होती, आणि ती सरकारने केलेली नव्हती. लेखकांनी केली होती. मालिकेतली मेइन्यांग, म्हणजे तरुणपणीची वू, मोठ्या डोळ्यांची, भोळीभाबडी, सर्वांचं भलं चिंतणारी. दुसऱ्या बायका तिच्यावर डाव टाकतात आणि ती बिचारी निर्दोष सुटत राहते. ताइझोंगच्या, म्हणजे ‘फेअरवेल माय कॉन्क्यूबाइन’मधल्या त्या झांग फंगयीच्या, प्रेमात तिचे भागामागून भाग जातात. खऱ्या आयुष्यात त्या सम्राटाकडे बाईला बारा वर्षांत बढतीसुद्धा मिळाली नव्हती! चाबूक, सोटा, खंजीर मागणारी ती पोरगी कुठे गेली? सत्ता हवी होती म्हणून जिने सत्ता घेतली, तिला मालिकेत सत्ता जणू वाटेत सापडते, प्रेमभंगातून आणि नाइलाजाने. ऐतिहासिक बाई पडद्यावर आणायची तर तिची हाव आधी धुऊन काढायची, हा सगळ्याच वाहिन्यांचा शिरस्ता दिसतो. छाती झाकली याचा गवगवा झाला, पण छातीतली धमक आधीच कापली गेली होती त्याचं कुणालाच काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्या चिनी बाईशी आपला काय संबंध? आहे हो, पातळसा, पण आहे. आपला ह्युएन त्संग! दुसऱ्या पुलकेशीच्या काळात जो महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथल्या माणसांबद्दल लिहून ठेवलं, की हे उपकाराला जागणारे आणि अपमान न विसरणारे. तो 645 मध्ये चीनला परतला, तेव्हा वू त्याच ताइझोंगच्या अंतःपुरात होती. पुढे 656 मध्ये तिला मूल होणार होतं, तर तिने याच भिक्षूकडून प्रार्थना करवून घेतली, आणि झालेल्या मुलाला ‘बुद्धप्रकाश’ असं नाव मिळालं. म्हणजे मराठी मुलुखाची धूळ तुडवून गेलेल्या माणसाचा आशीर्वाद त्या पाळण्याला होता. त्याच ह्युएन त्संगाने असंही लिहिलंय, की या मुलुखात सेनापती हरून आला तर त्याला दुसरी शिक्षा नाही, फक्त बायकांचे कपडे भेट द्यायचे, म्हणजे तो लाजेनेच जीव देतो. हे जर राजवाड्यात वूच्या कानावर गेलं असेल, तर तिने काय म्हटलं असेल, याची मी कैक वेळा कल्पना केली आहे. बहुधा माप मागितलं असतं.

एवढं झाल्यावर चिनी मालिकांनी धडा घेतला असेल? छे! 2018 मध्ये ‘स्टोरी ऑफ यांशी पॅलेस’ आली. सत्तर भाग. छ्यानलोंग सम्राटाच्या राजवाड्यातली वेई यिंगलुओ नावाची एक दासी, जी रडत नाही, सोसत नाही, सरळ उट्टं काढते. ही मला पटली. गळेही कानापर्यंत बंद, छिंग घराण्याच्या काळातला पेहराव, रंग कसे निवलेले, मखमली फुलांची कारागिरी अशी की परत परत थांबवून बघावी. अब्जावधी वेळा पाहिली गेली. आणि चीनमध्ये गूगल चालत नसतानाही त्या वर्षी जगात गूगलवर सर्वाधिक शोधल्या गेलेल्या मालिकांत ती आघाडीला होती. मग आता तरी चूक काढायला जागा नाही ना? आहे! 2019 च्या जानेवारीत ‘बीजिंग डेली’ने असल्या राजवाडी मालिकांची पाच पातकं छापली. राजेशाही थाटाचं वेड लावतात, कटकारस्थानं शिकवतात, सम्राटांचे गोडवे गातात आणि आजच्या वीरांना झाकतात, चैन शिकवून काटकसर बिघडवतात, आणि पैशासाठी विचार सोडतात. लगेच वाहिन्यांवरची पुनःप्रक्षेपणं बंद. गळा बंद केला तरी सुटका नाही, कारण मग बाईचं डोकं दिसायला लागतं.

आणि आता शेवटची, सर्वात खमंग. आपल्या बिंगबिंगबाई 2018 च्या जुलैपासून तीनेक महिने एकदम गायब! मानेखालून नव्हे, आख्ख्या. कुठे गेल्या, कोणी नेलं, लोक तर्क लढवून थकले. ऑक्टोबरात उलगडा झाला: करारनामे दोन, एक दाखवायला आणि एक पैसे घ्यायला. कर आणि दंड मिळून भरायचे 88 कोटी युआन. त्यांच्या त्या डोळे दिपवणाऱ्या मालिकेसारख्या जवळजवळ तीन मालिका झाल्या असत्या! बाईंनी जाहीर माफी मागितली. यात नवल काय म्हणाल, तर 1995 मध्ये ज्या लिऊ शिआओचिंगने छोट्या पडद्यावर वू झत्येन गाजवली, तिलाही 2002 मध्ये करचुकवेगिरीत पकडलं आणि वर्षभराहून जास्त कोठडीत ठेवलं होतं. सुटून आली आणि 2011 मध्ये परत वू झत्येनच झाली, हे तिचं धाडस. पण दोन वू, दोन्ही कराच्या फेऱ्यात! तेव्हा यापुढे कुणी ही भूमिका घेणार असेल तर तिने आधी सीए गाठावा आणि मग शिंपी.